इचिरोचं कार्ड: टेबलावरच्या बेसबॉलसाठी खेळाडू घरी कसा घडवायचा

फासे आणि कार्डांनी खेळायच्या बेसबॉलमधला, माझ्या जेवणाच्या टेबलावरचा इचिरो सुझुकी ०.३२० च्या पुढे जायलाच तयार नव्हता. खऱ्या इचिरोची, सिएटल मरिनर्स संघाच्या जपानी बॅटरची, २००४ सालची सरासरी होती ०.३७२, म्हणजे हजार संधींत ३७२ हिट (हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं). त्या मोसमाचे सगळे आकडे मी वहीत उतरवले होते, गणित दोनदा तपासलं होतं, कार्ड नीट छापून कापलं होतं. तरी तीन आठवडे फासे टाकून वही तेच सांगत होती. चूक ज्या रात्री सापडली, त्या रात्रीच मला खेळाडूचं कार्ड म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने समजलं. म्हणून तुम्हालाही त्याच वाटेने नेते.

मी मूळची मिरजेची. बाबा रविवारी क्लबच्या क्रिकेट सामन्यांचा स्कोअर लिहायला जायचे आणि मी शेजारी पेन्सिली सांभाळत बसायचे. शाळेत मधल्या सुट्टीत बुक क्रिकेट. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. त्या खेळाबद्दल माझी एकच तक्रार होती: पुस्तक सगळ्यांसाठी सारखंच उघडतं. गावसकर आला काय नि चंद्रशेखर आला काय, पानांना त्याचं काही नाही. गावसकर गावसकरसारखा खेळायला हवा, असं मला तेव्हापासून वाटायचं.

पुढे लग्नानंतर सिएटलच्या उत्तरेला बॉथेलला आलो आणि बेसबॉलची गोडी लागली. १ ऑक्टोबर २००४ च्या संध्याकाळी आम्ही सेफको फील्डच्या वरच्या रांगेत होतो. जॉर्ज सिसलरचा एका मोसमातल्या २५७ हिटचा विक्रम १९२० पासून उभा होता. इचिरोने पहिल्या डावात एक सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारी हिट) मारून तो गाठला आणि तिसऱ्या डावात दुसरी मारून मोडला. सगळा संघ मैदानात धावला, आकाशात दारूकाम झालं आणि इचिरो चालत जाऊन प्रेक्षकांत बसलेल्या सिसलरच्या कुटुंबीयांना भेटला. त्या वर्षी मरिनर्स ९९ सामने हरले होते, तरी त्या रात्री उठून जायचं कुणाच्या मनात नव्हतं. ते वर्ष मला टेबलावर परत खेळायचं होतं.

अमेरिकेत असे खेळ फार जुने आहेत. एपीबीए १९५१ मध्ये आला, हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ मध्ये. दोन्हींत प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं कार्ड असतं आणि फाशांचं दान त्या कार्डावर वाचायचं असतं. इचिरोचं तयार कार्ड विकत मिळतं, पण मला ते स्वतः घडवायचं होतं, कारण पुढे माझ्या मुलाच्या लिटल लीग (लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेतल्या) संघाची कार्डं करायची होती आणि ती कुठल्याच दुकानात मिळणार नव्हती. शिकायला आधी ज्याचं उत्तर माहीत आहे असा खेळाडू घ्यावा. तुम्हीही तसंच करा.

मी तीन फाशांची पद्धत वापरते. एक पांढरा, दोन लाल. पांढऱ्यावर १, २ किंवा ३ आलं तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४, ५ किंवा ६ आलं तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. प्रत्येक कार्डावर तीन रकाने. कुठला रकाना ते पांढरा फासा सांगतो. मग दोन लाल फाशांची बेरीज करायची, २ ते १२, आणि त्या ओळीत लिहिलेलं घडतं: सिंगल, वॉक (पिचरचे चार चेंडू चुकले की फुकट मिळणारा पहिला बेस), आउट, जे असेल ते.

इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा. दोन फासे ३६ प्रकारे पडतात. २ एकाच प्रकारे पडतो, ३ दोन प्रकारे, ४ तीन, ५ चार, ६ पाच, ७ सहा प्रकारे, आणि मग तसंच उतरत १२ परत एका प्रकारे. एका रकान्यात ३६ दानं, तीन रकान्यांत १०८. जपमाळेच्या मण्यांइतकी, ही संख्या पहिल्यांदा वहीत लिहिली तेव्हा आजीच्या माळेची आठवण होऊन मला फार बरं वाटलं होतं. बॅटरची १०८ आणि पिचरची १०८ मिळून २१६ दानांत बॅटर-पिचरच्या एका गाठीच्या सगळ्या शक्यता पुऱ्या होतात.

आता माझी चूक. मी इचिरोच्या हिटचं प्रमाण काढलं आणि ते तसंच्या तसं त्याच्या कार्डावर उतरवलं. वरवर बरोबर वाटतं. पण निम्म्या वेळा दान त्याच्या कार्डावर पडतच नाही. ते पिचरच्या कार्डावर पडतं आणि तिथे सरासरी माणसाइतक्याच हिट असतात. निम्मा इचिरो आणि निम्मा सर्वसाधारण खेळाडू यांची बेरीज ०.३२० च्या आसपासच येणार. इचिरो जेवढा सरासरीच्या वर आहे, ते सगळं वरचढपण त्याच्या अर्ध्या वाट्यातच बसवावं लागतं. कार्डावर खेळाडू आहे त्यापेक्षा दुप्पट ठळक काढायचा, तेव्हा कुठे खेळात तो खरा दिसतो.

गणित असं. आधी ‘खेपा’ मोजा, म्हणजे खेळाडू एकूण किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला. सरासरी काढताना वॉक वगळतात, पण कार्डासाठी सगळ्या खेपा लागतात. नवखे लोक इथे हमखास चुकतात. इचिरोच्या २००४ मध्ये ७६२ खेपा झाल्या. त्यांत २६२ हिट: २२५ सिंगल, २४ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत), ५ ट्रिपल (तिसऱ्यापर्यंत), ८ होम रन (सगळे बेस फिरून थेट धाव). ४९ वॉक, ४ वेळा अंगाला चेंडू लागून बेस मिळाला, ६३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). हे आकडे बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाच्या पानांवर मोकळेपणाने मिळतात.

प्रत्येक आकड्याला ७६२ ने भागा आणि २१६ ने गुणा. हिटचं उत्तर येतं ७४. म्हणजे २१६ दानांपैकी ७४ हिटची हवीत. आता मरिनर्स ज्या लीगमध्ये खेळतात त्या अमेरिकन लीगची त्या वर्षीची सरासरी घ्या, जी ०.२७० होती. खेपांच्या हिशोबात सरासरी पिचरच्या १०८ दानांत साधारण २६ हिट येतात. ७४ मधून २६ गेले, उरले ४८. हाच इचिरोच्या कार्डाचा हिटचा वाटा. १०८ पैकी ४८! ते प्रमाण बघून धसकायला होतं, पण ते बरोबर आहे.

हीच वजाबाकी प्रत्येक गोष्टीची वेगळी करायची. वॉक आणि अंगाला लागलेला चेंडू मिळून २१६ मागे १५ हवेत, त्यातले १० पिचर देतो, इचिरोकडे ५. स्ट्राइकआउट १८ हवेत आणि तेवढे सगळे पिचरच्याच कार्डावर आहेत, म्हणून इचिरोच्या स्वतःच्या कार्डावर एकही नाही. हे बघितल्यावर मी पेन खाली ठेवलं. त्याला खेळताना पाहिलेल्या कुणालाही विचारा: चेंडू कुठेही आला तरी त्याची बॅट त्याला लागायचीच. कुठलंही वर्णन न वाचता नुसत्या वजाबाकीतून त्याचा स्वभाव समोर आला होता.

होम रनपाशी मात्र गाडी अडते. २१६ मागे त्याला २.३ हवेत आणि एकटा सरासरी पिचरच ३.२ देतो. वजाबाकी शून्याखाली गेली. कार्डावर उणे होम रन लिहिता येत नाही. यावर माझा उपाय असा: कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात ‘हो १४’ असं लिहायचं. पिचरच्या कार्डावर होम रन आला की २० बाजूंचा फासा टाकायचा. १ ते १४ आलं तर होम रन, १५ ते २० आलं तर ती सिंगल. १४ कुठून आले? २.३ ला ३.२ ने भागलं की सुमारे ०.७ येतात आणि २० चे सात दशांश म्हणजे १४. कमी ताकदीच्या प्रत्येक बॅटरला असा आकडा द्या. ताकदवान बॅटरला तो लागतच नाही, त्याचे होम रन त्याच्याच कार्डावर मावतात.

शेवटी इचिरोच्या वाट्याला आलं ते असं: सिंगल ४५, डबल २, ट्रिपल १, वॉक ५, आउट ५५. आता ही दानं घरांत बसवायची. हे काम मला सगळ्यांत आवडतं. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना जसं मोजून जोडत जातो, तसं.

पहिला रकाना: ६, ७, ८ वर सिंगल (पाच, सहा आणि पाच, मिळून १६), २ वर ट्रिपल, ३ वर डबल, बाकी आउट.

दुसरा रकाना: ५, ७, ८ वर सिंगल (१५), ९ आणि १२ वर वॉक (४ आणि १), बाकी आउट.

तिसरा रकाना: ५, ६, ८ वर सिंगल (१४), बाकी सगळे आउट.

बेरीज करून बघा, ४५, २, १ आणि ५ बरोबर जुळतात. घर निवडताना मी एक पथ्य पाळते: दुर्मिळ गोष्ट दुर्मिळ घरात. २ पडला की टेबलाभोवतीचे सगळे पुढे वाकून बघतात, तिथे ट्रिपलच हवी. तिसऱ्या रकान्यात मुद्दाम ७ वर आउट ठेवलाय, म्हणजे सगळ्यांत जास्त पडणारं दान नेहमीच लाभाचं ठरत नाही आणि खेळणाऱ्याचा श्वास जरा अडकतो.

एखाद्या घरात अर्धवट वाटा बसवायचा असेल, तर त्याच २० बाजूंच्या फाशाने घर वाटून घ्या: ‘सिंगल १–१२, नाहीतर आउट’. पण अशी घरं कार्डावर दोन-तीनच ठेवा. दर वेळी दुसरा फासा शोधावा लागला तर खेळाची लय तुटते. इचिरोच्या कार्डावर मी एकही वाटलेलं घर ठेवलं नाही. अर्ध्या दानाने चुकलं तर चुकू दे.

आउट कसा, हेही लिहा. नुसतं ‘आउट’ लिहिलेलं कार्ड बेचव लागतं. इचिरोच्या आउटपैकी बहुतेक मी जमिनीवरचे ठेवले, दुसऱ्या बेसकडे आणि शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे). त्याचा धावण्याचा वेग बघता डबल प्लेची (एकाच चेंडूवर दोघे बाद) खूण एकाच घरावर केली.

चोरलेल्या बेससाठी (पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठण्यासाठी) साधा भागाकार. ४७ प्रयत्नांत ३६ यशस्वी, म्हणून २० बाजूंच्या फाशावर १ ते १५ आलं तर सुखरूप. राइट फील्डमधली, म्हणजे इचिरो उभा राहायचा त्या मैदानाच्या उजव्या टोकाकडची, फेक आकड्यांत मावत नाही. ११ एप्रिल २००१ ला ओकलंडमध्ये त्याने टेरेन्स लाँगला तिसऱ्या बेसवर फेकून बाद केलं, तो चेंडू ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याच्या हाताला सर्वोच्च गुण देताना वही लागत नाही. क्षेत्ररक्षणाला मी १ ते ५ अशा पायऱ्या (१ सगळ्यांत चांगली) ठेवल्यात आणि त्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर ठरवते. २००१ पासून सलग दहा वर्षं गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवणाऱ्याला १ च.

पिचरचं कार्ड याच पद्धतीने उलट बाजूने होतं: त्याने तोंड दिलेल्या बॅटरांची संख्या घ्यायची आणि सरासरी बॅटरचा वाटा वजा करायचा. एकदा बॉस्टनच्या पेद्रो मार्टिनेझ या पिचरचं २००० साल घेऊन बघाच. ८१७ बॅटर, १२८ हिट, २८४ स्ट्राइकआउट. वजाबाकी केल्यावर त्याच्या १०८ दानांत हिटची जेमतेम सात उरतात आणि स्ट्राइकआउटची ५८ च्या घरात जातात. पांढऱ्या फाशावर ४ पडला की समोरचा खेळाडू आधीच उसासा टाकतो.

आता छपाई. कार्डाचा आकार अडीच बाय साडेतीन इंच ठेवा, म्हणजे बाजारात मिळणारी पारदर्शक पाकिटं बसतात आणि कार्ड लॅमिनेट करावं लागत नाही. एका ए-फोर कागदावर तीन ओळींत नऊ कार्डं येतात. मी स्प्रेडशीटमध्येच आखते. कागद २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आत नको, फाशांच्या ट्रेखाली वाकतो. २५० चा मिळाला तर उत्तम, पण तुमच्या प्रिंटरला तो ओढवतो का ते एका कोऱ्या कागदावर आधी बघा. छापताना मोजमाप १०० टक्केच ठेवा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला, तर कार्डं काही मिलिमीटरने लहान येतात, पाकिटात हलतात आणि गठ्ठ्यात वेगळी ओळखू येतात. माझे पहिले २७ पत्ते असे वाया गेले.

कापायला कात्री नको. स्टीलची पट्टी, कटर आणि खाली जाड पुठ्ठा. एका दमात आरपार कापायला जाऊ नका, हलक्या हाताने तीनदा फिरवा. अक्षर ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. रात्री दिव्याखाली ५ आणि ६ सारखे दिसायला लागतात. हिटची घरं ठळक, आउट फिकट करड्या रंगात. कंपन्यांच्या कार्डांची मांडणी किंवा खेळाडूंचे फोटो मी उचलत नाही. फोटोच्या जागी मी ५१ हा त्याचा नंबर मोठ्या अक्षरांत घालते.

कार्ड झालं की त्याची परीक्षा घ्या, पण घाई करू नका. शंभर खेपांत ०.३७२ च्या कार्डाने ०.३२० दाखवलं तरी ते कार्ड निर्दोष असू शकतं. ७०० खेपांतसुद्धा ०.०१८–०.०२० चा फरक निव्वळ नशिबाने पडतो. माझी पहिली चूक पकडली गेली, ती तीन आठवड्यांत दोन हजारांवर खेपा खेळून आकडा तिथेच अडून बसला होता म्हणून. आता मी फासे टाकण्याआधी कागदावरच बेरीज करते: कार्डाच्या ४८ हिट अधिक पिचरच्या २६, भागिले २१६ मधून वॉक वगळून उरलेली दानं. उत्तर ०.३६८ आलं. समाधान झालं.

ज्यासाठी हे सगळं शिकले, ती मुलाच्या संघाची कार्डं मात्र वेगळी निघाली. माझ्या स्कोअरबुकात चौदा सामने होते, मुलाच्या ३८ खेपा आणि त्यांत १५ हिट. एवढ्याशा आकड्यांवर कार्ड केलं तर तो खेळात देव होतो, आणि ज्या बिचाऱ्याला ३० खेपांत दोनच हिट मिळाल्या, त्याच्या कार्डावर एकही हिट उरत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मी असं कार्ड देणार नाही, आणि ते खरंही नाही. म्हणून प्रत्येकाच्या आकड्यांत ४० सरासरी खेपा मिसळा. आमच्या संघात चार खेपांमागे एक हिट पडायची, म्हणजे ४० खेपांत १०. मुलाच्या १५ आणि या १०, मिळून ७८ खेपांत २५ हिट. थोडा खाली आला. तो दुसरा मुलगा बराच वर आला. दोघंही आता ओळखू येतात.

सरासरी त्यांच्याच लीगची घ्या, मोठ्यांची मुळीच नको. त्या वयात पिचरांचा नेम बसलेला नसतो, वॉकचा पाऊस असतो. आमच्या वहीत दर पाच खेपांत एक वॉक होता. मोठ्यांची सरासरी वजा केली असती तर सगळी मुलं संयमाचे पुतळे वाटली असती. क्षेत्ररक्षणातल्या चुकांचे गुण मी मुलांच्या कार्डांवर छापले नाहीत. क्षेत्ररक्षण सगळ्यांना ३.

आणि प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात लीग आणि वर्ष लिहा, कारण कार्ड हे त्या माणसाचं त्याच्या बरोबरीच्यांतलं मोजमाप असतं. संघाची कार्डं वाटली त्या संध्याकाळी मुलाने पहिलं काम केलं ते हे की स्वतःचं कार्ड पेद्रोसमोर ठेवलं. ही दोन कार्डं एकमेकांसमोर ठेवायची नसतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि फासे उचलले. पांढरा ४, लाल बेरीज ८, स्ट्राइकआउट. पुन्हा पांढरा ५, स्ट्राइकआउट. तिसऱ्या खेपेला पांढरा २ पडला, लाल ३ आणि ४. त्याच्या स्वतःच्या कार्डावर, दुसऱ्या रकान्यात, ७ समोर मी ठळक अक्षरांत सिंगल लिहिलेली होती.